रात्रीचा मोबाइल, हरवलेली झोप आणि महाविद्यालयीन अभ्यास

आपल्या शाळेच्या वसतिगृहात रात्री दहाची घंटा होते आणि दिवे मालवले जातात. पहाटे पाचला पुन्हा घंटा, मग वंदना, व्यायाम आणि सकाळचा अभ्यास. हा क्रम येथे राहून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेला आहे. त्या काळी रात्रीच्या घंटेविषयी पुष्कळ कुरकूर होत असे. गोष्टीचे पुस्तक अर्धवट राहिलेले असायचे, मित्राशी चाललेले बोलणे तुटायचे. आज हेच माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा सांगतात, की ती घंटा किती मोलाची होती हे आम्हांला महाविद्यालयात गेल्यावर कळले.

या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेच्या वाटचालीविषयी अनेक जण लिहितील. आम्ही शिक्षकांनी मात्र ज्या प्रश्नाची चिंता गेली काही वर्षे आम्हांला वाटते आहे, त्याविषयी लिहायचे ठरवले. आपली मुले-मुली येथून बाहेर पडून पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत उच्च शिक्षणासाठी जातात. त्यांच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचा स्मार्टफोन येतो आणि त्याच वेळी रात्री दिवा मालवायला सांगणारे कोणी उरत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्याने त्यांच्या झोपेचे आणि अभ्यासाचे काय होते, याचा हा विचार आहे.

प्रश्न कोठून सुरू झाला

दिवाळीच्या सुट्टीत जुने विद्यार्थी भेटायला येतात. अशाच एका सुट्टीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी आला. घरातला पहिलाच पदवीच्या वाटेवरचा मुलगा. आई मोलमजुरी करते, वडील वाहनचालक. शाळेत असताना गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो म्हणाला, “सर, दोन विषय राहिले. अभ्यास करतो, पण डोक्यात राहत नाही.” आम्ही पुस्तकांची चौकशी केली, शिकवणीची केली, जेवणाखाण्याची केली. शेवटी विचारले, “झोपतोस किती वाजता?” तो म्हणाला, “दोन, अडीच. कधी तीन.” तोपर्यंत काय करतोस, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. त्याची मान खाली गेली.

त्यानंतर आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला झोपेविषयी विचारू लागलो. उत्तरे थोड्याफार फरकाने सारखीच होती. अकराला अंथरुणावर पडायचे, ‘पाच मिनिटे’ म्हणून मोबाइल हाती घ्यायचा आणि दीड-दोन वाजता तो बाजूला ठेवायचा. सकाळी आठचा तास असला तर अर्धवट झोपेत जायचे किंवा तो चुकवायचा.

साधा हिशेब करून पाहू. रात्री अकरा ते दीड म्हणजे अडीच तास. आठवड्याचे साडेसतरा तास होतात. एक सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर ही बेरीज दोनशे साठ तासांच्या पुढे जाते. एवढ्या तासांत एखादा अवघड विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचून होईल. पण आमचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. हे तास अभ्यासातून गेलेले नाहीत, ते झोपेतून गेलेले आहेत. झोपेतून गेलेला तास दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाचे आणखी तास नासवतो. खरे नुकसान तेथे आहे.

सुखवस्तू घरातील मुलाचा एखादा विषय राहिला तर घरचे रागावतात आणि पुन्हा शुल्क भरतात. आपल्या मुलाचा विषय राहिला, वर्ष गेले, तर शिष्यवृत्ती अडू शकते, वसतिगृहातील जागा जाऊ शकते, आणि मग गावी परतून मिळेल त्या कामाला लागावे लागते. त्याच्या मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावंडांनाही तेव्हा शिक्षणाची वाट बंद झाल्यासारखी वाटते. म्हणून हा विषय आम्हांला ‘आजच्या पिढीची खोड’ म्हणून सोडून देण्यासारखा वाटत नाही.

झोपेत काय घडते

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, असा आपल्याकडे एक समज आहे. आळशी माणूस झोपतो आणि कष्टाळू जागतो, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. विज्ञान मात्र वेगळे सांगते.

1924 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला दिले. पाठांतरानंतर काही वेळा ते झोपले, काही वेळा जागे राहिले, आणि ठरावीक तासांनी त्यांची परीक्षा घेतली. झोपेनंतर त्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. प्रयोग लहान होता, पण त्याने एका मोठ्या शोधाचे दार उघडले. 1953 साली शिकागो विद्यापीठात ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप ओळखली. आपल्याला स्पष्ट स्वप्ने पडतात ती बहुधा याच झोपेत. पुढे कळत गेले, की रात्रभर आपली झोप सुमारे नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त असते. दिवसभर शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू या झोपेत करतो. दोनला झोपून सातला उठणारा विद्यार्थी झोपेचे दोन-तीन तास गमावतो, आणि त्यात पहाटेकडची झोप अधिक कापली जाते. दिवसा वेचलेले धान्य रात्री कणगीत भरलेच नाही, तर सकाळी कणगी रिकामी दिसणार. ‘डोक्यात राहत नाही’ या तक्रारीचे एक कारण येथे आहे.

झोप केव्हा येते, हे दोन गोष्टी ठरवतात. 1982 साली स्वित्झर्लंडमधील संशोधक अलेक्झांडर बॉर्बेली यांनी ही मांडणी केली. पहिली गोष्ट म्हणजे झोपेची साठत जाणारी ओढ. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेची गरज वाढत जाते. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याच्या कामात आड येते, म्हणून तरतरी वाटते. गरज संपलेली नसते, ती फक्त जाणवेनाशी होते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका हे घड्याळ चालवतो आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते रोज लावून घेतो. अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना 2017 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे तरुणांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. किशोरवयात हे घड्याळ निसर्गतःच उशिरा धावू लागते. विशीच्या आसपास ते सर्वांत मागे पडलेले असते आणि पुढे हळूहळू पुन्हा अलीकडे सरकते. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या मुलाला दहा वाजता झोप येत नाही, यात सगळा दोष त्याचा नाही. पण मुळातच मागे असलेले घड्याळ मोबाइल आणखी मागे ढकलतो, आणि महाविद्यालयाचा पहिला तास मात्र आपल्या वेळेलाच सुरू होतो.

गरज किती, याचे उत्तर आता बऱ्यापैकी निश्चित आहे. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांना सात ते नऊ तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने 2015 साली तज्ज्ञांच्या विचारविनिमयानंतर केली.

मोबाइल झोप कशी पळवतो

मोबाइलच्या निळ्या प्रकाशाविषयी पुष्कळ बोलले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मोबाइल तीन वाटांनी झोपेत शिरतो.

पहिली वाट वेळेची. पुस्तकाला शेवटचे पान असते, चित्रपटाला शेवट असतो, चावडीवरच्या गप्पाही कोणीतरी उठले की मोडतात. बोटाने वर सरकवत राहायच्या पडद्याला शेवट नाही. न संपणाऱ्या पानाची ही रचना 2006 साली एझा रॅस्किन या तंत्रज्ञाने केली आणि पुढे त्यानेच तिच्याविषयी जाहीरपणे खंत व्यक्त केली. पुढची चित्रफीत कशी असेल, हे ठाऊक नसते. दहा कंटाळवाण्या असतात आणि अकरावी हसवून जाते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांत दाखवले होते, की दाणा प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून अवचित मिळाला, तर कबूतर चोच मारायचे थांबत नाही. आपल्या मुलांची इच्छाशक्ती दुबळी आहे, असे म्हणण्यापूर्वी तिच्यासमोर काय उभे केले आहे, हे पाहायला हवे. त्यांची नजर पडद्यावर खिळून राहावी, यासाठी मोठ्या कंपन्यांची हुशार माणसे पगार घेऊन काम करीत असतात.

दुसरी वाट मनाच्या खळबळीची. रात्री बारा वाजता गटावर आलेला टोमणा, मैत्रिणीने वाचूनही उत्तर न दिलेला निरोप, वर्गमित्राच्या सहलीची छायाचित्रे, जातीवरून कोणी लिहिलेली विखारी ओळ, हे वाचून कोणाला शांत झोप लागेल? डोळे मिटले तरी मन भांडत राहते.

तिसरी वाट प्रकाशाची. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बारा निरोगी तरुणांना झोपण्यापूर्वी चार तास कधी प्रकाशमान पडद्यावर, तर कधी छापील पुस्तकातून वाचायला दिले. पडद्यावर वाचलेल्या रात्री मेलाटोनिन दबले, शरीराचे घड्याळ मागे सरकले आणि झोप लागायला सरासरी सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. दहा मिनिटे म्हणजे फार मोठा काळ नव्हे. म्हणून केवळ पडद्याचा रंग पिवळसर करून प्रश्न सुटतो, असे समजू नये. पिवळ्या पडद्यावरही रात्रीचे दोन वाजतातच.

अभ्यासावर काय परिणाम होतो

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावा असा आहे. त्यांनी निरोगी प्रौढांचे गट करून चौदा दिवस कोणाला आठ तास, कोणाला सहा, तर कोणाला चार तासच झोपू दिले. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचे लक्ष आणि स्मरण दिवसेंदिवस ढासळत गेले. दोन आठवड्यांच्या अखेरीस ही घसरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला पोहोचली. याहून धक्कादायक भाग पुढेच आहे. ‘किती झोप येते आहे?’ असे विचारल्यावर ही माणसे फारसे काही वाटत नसल्याचे सांगत होती. कामगिरी घसरत होती, पण घसरण त्यांच्या लक्षात येत नव्हती. ‘मला पाच तास पुरतात, सवय झाली आहे’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात घ्यावे. शरीराला सवय होते ती थकव्याची जाणीव न होण्याची.

दुसरा अभ्यास 2019 सालचा, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेतला. रसायनशास्त्राच्या एका प्राथमिक अभ्यासक्रमातील सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे सत्रभर बांधले गेले. विद्यार्थ्यांच्या गुणांत जो फरक दिसला, त्यापैकी जवळजवळ पंचवीस टक्के फरकाचा संबंध झोपेचा कालावधी, तिचा दर्जा आणि तिची नियमितता यांच्याशी लागला. विशेष म्हणजे परीक्षेच्या केवळ आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो त्याआधीच्या आठवड्यांतील, महिन्यातील झोपेचा. ‘परीक्षेच्या आदल्या दिवशी भरपूर झोपू’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. पेरणीच्या वेळी न पडलेला पाऊस कापणीच्या दिवशी पडून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट दिवसाची. 2017 साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी असे नोंदवले, की मोबाइल बंद करून नुसता समोर मेजावर ठेवला तरी आकलनाच्या चाचणीतील कामगिरी, तो दुसऱ्या खोलीत ठेवल्यावर होते त्याहून कमी होते. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा प्रत्येक ठिकाणी तोच निष्कर्ष आला नाही. म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण वाचायला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाहायला काही खर्च येत नाही. प्रत्येकाने स्वतःच प्रयोग करावा.

पुराव्याची मर्यादा

धम्माने आपल्याला ‘या आणि स्वतः पाहा’ असे शिकवले आहे. तेव्हा पुराव्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जगभर विद्यापीठांतून मोबाइल, झोप आणि गुण यांच्या पाहण्या झाल्या आहेत. मोबाइलचा अतिवापर, वाईट झोप आणि कमी गुण या गोष्टी बहुधा एकत्र आढळतात. पण यांतील बऱ्याचशा पाहण्या प्रश्नावली भरून घेऊन, एकाच वेळी केलेल्या असतात. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. मोबाइलमुळे झोप उडते हे जसे खरे, तसेच झोप येत नाही म्हणून मोबाइल हाती घेतला जातो, हेही खरे.

आमच्या मुलांच्या बाबतीत ही दुसरी शक्यता विशेष जपून तपासायला हवी. पहिल्यांदा शहरात गेलेला मुलगा, इंग्रजीतून चाललेला तास, आडनाव ऐकून बदलणारे चेहरे, ‘आरक्षणातून आलास का?’ हा प्रश्न, रात्री खोलीत येणारी घरची आठवण. अशा वेळी मोबाइल हीच सोबत होते. ती सोबत काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिले नाही, तर आपण रोग तसाच ठेवून फक्त कुबडी काढून घेतली असे होईल. म्हणून रात्रभर मोबाइल पाहणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न ‘मोबाइल का पाहतोस?’ असा नसावा. ‘बाळा, तिकडे कसे चालले आहे?’ असा असावा.

‘व्यसन’ हा शब्दही आम्ही जपून वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून अमलात आले, डिजिटल खेळांच्या विकाराला स्थान आहे. स्मार्टफोनचे व्यसन असा स्वतंत्र विकार त्यात नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2013 साली किशोरवयीनांसाठी दहा विधानांची एक छोटी मोजपट्टी तयार केली आणि ती अनेक देशांत वापरली जाते. झोपेचा दर्जा मोजण्यासाठी पिट्सबर्ग येथे तयार झालेली 1989 सालची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. या साधनांनी धोक्याचा इशारा मिळतो, निदान होत नाही. निदान डॉक्टरांनीच करायचे.

शिवाय मोबाइल आपल्या मुलांना लागतोच. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा सांकेतिक क्रमांक, महाविद्यालयाच्या सूचना, प्राध्यापकांनी गटावर टाकलेल्या टिपणांच्या प्रती, सारे त्यातच असते. महागडी पुस्तके न परवडणाऱ्या मुलीने मोबाइलवरील व्याख्याने ऐकून विषय सोडवल्याचे आम्ही पाहिले आहे. मोबाइल फेकून द्या, हा सल्ला ज्याच्या टेबलावर संगणक आहे त्याने द्यावा. आपला प्रश्न मोबाइल असावा की नसावा हा नाही. तो रात्री कोठे असावा, हा आहे.

अठरा तासांच्या अभ्यासाविषयी

आपल्या समाजात रात्र जागून अभ्यास करण्याला आदराचे स्थान आहे आणि त्यामागे थोर आदर्श आहे. 14 एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रात अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. आम्हीही तो करतो आणि करीत राहू. पण तो वर्षातील एका दिवसाचे अभिवादन आहे, रोजचे वेळापत्रक नव्हे. रात्री दोनपर्यंत जागणे म्हणजेच बाबासाहेबांचा मार्ग, अशी काही मुलांची समजूत झाली आहे, आणि त्या जागण्यातले किती तास पुस्तकाचे व किती पडद्याचे, याचा हिशेब कोणी करीत नाही.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट चरित्रकारांनी नोंदवली आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. भीमराव संध्याकाळी लवकर झोपी जात. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहून त्यांना उठवत आणि मग स्वतः झोपत. आपण या गोष्टीतले दोन वाजता उठणे तेवढे लक्षात ठेवले आणि लवकर झोपणे विसरलो. मुलाची झोप पूर्ण व्हावी आणि त्याला निवांत वेळही मिळावा, म्हणून एक बाप स्वतः जागत होता. त्या घरात अभ्यासाइतकीच झोपेचीही व्यवस्था केलेली होती.

भिक्खू सोणाची गोष्ट आपल्या मुलांना पाठ आहे. साधनेच्या अतिरेकाने त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तो निराश झाला. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर सूर निघत नाही, फार सैल सोडल्या तरी निघत नाही. अठरा तासांची रोजची प्रतिज्ञा ही फार ताणलेली तार आहे आणि अंथरुणावरचा मोबाइल ही सैल सुटलेली तार आहे. एकच मुलगा एका आठवड्यात या दोन्ही टोकांना जाऊन येतो.

काय करता येईल

विद्यार्थ्यांना आम्ही सहा गोष्टी सुचवतो.

1. मोबाइल उशाशी ठेवू नका. तो दारापाशी, कपाटावर, हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी चार्जिंगला लावा. ‘गजरासाठी लागतो’ ही सबब मोडण्यासाठी साधे गजराचे घड्याळ विकत घ्या.

2. झोपण्याची नव्हे, उठण्याची वेळ आधी पक्की करा. रविवारीही तीच ठेवा. उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर, उन्हात चाला. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडाने लागते.

3. गटावरील टिपणे संध्याकाळीच उतरवून घ्या किंवा वहीत लिहून काढा. रात्री ‘टिपणे पाहायला’ म्हणून मोबाइल उघडण्याची वेळ येऊ देऊ नका.

4. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो.

5. खोलीतल्या सोबत्यांशी करार करा. एकट्याने पाळलेला नियम मोडतो, चौघांनी पाळलेला टिकतो.

6. अंथरुणावर पडून बराच वेळ झोप आली नाही तर उठून बसा, छापील पुस्तकाची चार पाने वाचा किंवा आनापानाचा अभ्यास करा, आणि झोप आली की पुन्हा पडा.

पालकांना दोन विनंत्या आहेत. कामावरून परतायला उशीर होतो हे आम्ही जाणतो, तरीही मुलांना फोन शक्यतो नऊच्या आत करा. आणि घरात आपण स्वतः रात्री मोबाइल कोठे ठेवतो, हे एकदा पाहा. मुले आपले ऐकतात त्यापेक्षा आपल्याला पाहतात अधिक.

झोप अनेक आठवडे बिघडलेली असेल, मन उदास असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ नियम पुरत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2014 पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र चिकित्सालय चालते, यावरूनच हा त्रास किती जणांना होतो हे कळावे.

सात दिवसांचा पाठ

हा लेख वाचून झाल्यावर एक वही घ्या. सात दिवस रोज सकाळी चार नोंदी करा : रात्री मोबाइल किती वाजता ठेवला, अंदाजे झोप किती वाजता लागली, सकाळी किती वाजता उठलात, आणि पहिल्या तासाला लक्ष किती लागले, दहापैकी गुण देऊन. या सात दिवसांत काहीही बदलू नका, फक्त लिहा. पुढचे सात दिवस मोबाइल दाराशी ठेवा आणि तशाच नोंदी करा. मग दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा. आमचे म्हणणे खरे की खोटे, हे तुमचीच वही सांगेल.

आमची चूक

शेवटी स्वतःविषयी. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले, तेव्हापासून वसतिगृहांनी आपल्या समाजाला केवळ छप्पर दिले नाही. ज्या मुलांना घरी दिवा नव्हता, त्यांना दिवा दिला आणि वेळच्या वेळी तो मालवण्याची शिस्तही दिली. आपली संस्था त्याच परंपरेतली आहे. परंतु आम्ही येथे मुलांचे मोबाइल कार्यालयात जमा करून घेतले आणि आपले काम झाले असे समजलो. आम्ही बंदी शिकवली, वापर शिकवला नाही. घंटा आम्ही वाजवत राहिलो, पण ती मुलांनी स्वतः वाजवावी यासाठी त्यांना तयार केले नाही. दाराबाहेर पडताच पाच-सहा वर्षांची शिस्त महिनाभरात गळून पडते, तेव्हा दोष केवळ मुलांचा नसतो.

म्हणून दहावीच्या विद्यार्थ्यांना शाळेतील शेवटच्या महिन्यांत झोप, वेळ आणि मोबाइल यांविषयी पाठ देण्याचे आणि वर सांगितलेली वही त्यांच्याकडून लिहून घेण्याचे आम्ही ठरवले आहे. माजी विद्यार्थ्यांनी यात हातभार लावावा. जो शहरात तुमच्या जवळ शिकायला आला आहे, त्याला महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलवा आणि झोपेविषयी विचारा.

लेखाच्या आरंभी ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख आला, तो पुढच्या सुट्टीत पुन्हा आला. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला होता, एक अजून बाकी होता. मोबाइल खोलीतल्या चौघांनी मिळून दाराजवळच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली होती. “रोज जमत नाही, सर,” तो म्हणाला, “पण आठवड्यातले चार-पाच दिवस जमते.” आम्ही त्याला म्हणालो, चार-पाच दिवस पुष्कळ झाले, येथूनच पुढे जायचे. त्या रात्री तो वसतिगृहातच राहिला. दहाची घंटा झाली, आणि दिवे मालवले गेले तेव्हा या वेळी त्याने कुरकूर केली नाही.